चित्रपट संपल्यावर माणसे का थांबत नाहीत?

एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकर्तीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: “आम्ही दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सामाजिक आणि पर्यावरणाच्या विषयांवरचे चित्रपट दाखवतो. पहिल्या खेळाला 80 माणसे आली, पाचव्याला 14. चित्रपट संपून ‘आता चर्चा’ म्हटले, की बहुतेक जण उठतात आणि उरलेल्यांपैकी दोघे-तिघे भाषणे करतात. लोक थांबतील असे चित्रपट सुचवा. परवानगी वगैरे लागते का, तेही सांगा.”

मी गेली वीसेक वर्षे कृष्णाकाठच्या गावांतून असेच खेळ लावत आलो आहे: शाळांतून, दूध संस्थेच्या सभागृहातून, देवळाच्या ओवरीत, एकदा तर गुऱ्हाळाच्या मोकळ्या शेडमध्ये. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. चित्रपटांची यादी मी देऊ शकतो, पण यादीने तुमचा प्रश्न सुटणार नाही. तुम्ही आधी चित्रपट निवडता आणि तो संपल्यावर त्याला चर्चा जोडता. मी हे उलटे करतो. गावात कोणते बोलणे व्हायला हवे आहे, कोणत्या माणसांत ते होत नाही आणि का होत नाही, हे आधी ठरवतो. मग ते बोलणे सुरू करून देईल असा चित्रपट शोधतो, आणि तो 25 मिनिटांचा निघाला तर मला आनंदच होतो.

यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मान्य करायला हवे. वाचनालयात येणारा प्रेक्षक मुख्यतः निवृत्त शिक्षक, बँकेतले लोक आणि थोडे विद्यार्थी असा असेल, तर त्याला दोन तास बसण्याची सवय असते. दूध संस्थेत धार काढायची वेळ झाली, की निम्मे सभागृह रिकामे होते आणि त्यात चित्रपटाचा काही दोष नसतो. सभागृह कोणाचे आहे, त्याचे भाडे कोण माफ करतो आणि तो माणूस कोणत्या पक्षाचा आहे, यावरही प्रेक्षक किती मोकळेपणाने बोलतील हे ठरते. तुमचे गाव मी पाहिलेले नाही. तेव्हा पुढचे सगळे आमच्याकडे जे लागू पडले त्या मर्यादेत वाचावे.

सुरुवात घड्याळापासून करू. तुमच्या कार्यक्रमाची वेळ पाचची असेल, तर प्रत्यक्षात तो साडेपाचला सुरू होत असणार. मग दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे दोन शब्द (ते कधीच दोन नसतात) यात पाऊण तास जातो. दोन तासांचा चित्रपट संपायला सव्वाआठ वाजतात. त्या वेळी बायकांना घरी स्वयंपाकाची घाई असते, बाहेरगावच्या मुलांना शेवटची एसटी गाठायची असते आणि ज्यांना कुठेच जायचे नसते असे तीन वक्ते तेवढे उरतात. आम्ही एका वर्षी हे सगळे कागदावर मांडले आणि आम्हालाच हसू आले. त्यानंतर दीपप्रज्वलन आणि सत्कार बंद केले, वेळ दुपारी चारची केली, आणि चित्रपट शक्यतो 30 ते 50 मिनिटांचाच घ्यायचा असे ठरवले. चित्रपटाला जेवढा वेळ, किमान तेवढाच बोलण्याला. आभारप्रदर्शन तर मुद्दामच काढले; कारण आभार सुरू झाले की लोक चपला शोधू लागतात.

आता चर्चेच्या पहिल्या वाक्याविषयी. “तुम्हाला हा चित्रपट कसा वाटला?” किंवा “या समस्येवर उपाय काय?” असे विचारले, की सामान्य माणूस गप्प बसतो, कारण त्याला परीक्षेत बसल्यासारखे वाटते, आणि ज्याच्याकडे उत्तर आधीपासूनच तयार आहे तो उठून उभा राहतो. तुमच्याकडे होणारी भाषणे तिथे जन्माला येतात. मी विचारतो, “काय दिसले?” म्हणजे कोणती एक गोष्ट डोळ्यांसमोर राहिली: एखादी वस्तू, हात, घर, आवाज. मत सांगायला धीर लागतो. पाहिलेले सांगायला लागत नाही. चौथी शिकलेल्या बाईला आणि प्राध्यापकाला त्या घटकेपुरता सारखाच अधिकार असतो, आणि अनुभव असा, की बाईने जास्त पाहिलेले असते.

एक प्रसंग सांगतो, कारण माझी ही पद्धत त्यानंतर पक्की झाली. एका गावात धरणग्रस्तांवरचा एक छोटा माहितीपट लावला होता. गाव असे, की त्याच्या एका अंगाला कोयनेच्या खोऱ्यातून उठवून आणलेल्या लोकांची वसाहत आहे आणि दुसऱ्या अंगाला पाटाच्या पाण्यावर ऊस काढणारे जुने शेतकरी. दोघे एकाच दुकानात चहा पितात, पण या विषयावर बोलत नाहीत. चित्रपटात एक कुटुंब आपले घर उतरवते असे दृश्य होते. ते जेमतेम अर्ध्या मिनिटाचे असेल. आम्ही आयोजकांनी त्याकडे लक्षही दिले नव्हते. दिवे लावल्यावर मी विचारले, काय दिसले. बराच वेळ कोणी बोलेना. मग वसाहतीतले एक म्हातारे म्हणाले, “वाश्यांवर आकडं घातल्यालं दिसलं.” कसले आकडे, असे मी विचारले. घर मोडताना कोणता वासा कुठे बसतो हे कळावे म्हणून त्यांच्या वडिलांनीही खडूने प्रत्येक वाश्यावर आकडा घातला होता, असे त्यांनी सांगितले. मग जरा थांबून ते म्हणाले, “हितं आणून जोडलं तवा सात वासं उरलं. जागाच ल्हान मिळाली.”

सभागृहात कोणी काही बोलले नाही. मग मागच्या बाजूने एक बागायतदार उठले. ते भाषण करतील अशी मला भीती वाटली होती. त्यांनी फक्त विचारले, “काका, मग त्या वाश्यांचं काय केलं?” म्हातारे म्हणाले, “दोन तुमच्या वडलांनी नेलं, गोठ्याला.” पुढचा दीड तास ते दोघे आणि आणखी वीसेक माणसे बोलत राहिली: कोणाला किती जमीन मिळाली, कोणाची अजून कागदावर आहे, पाटाची पाळी कोणाला आधी मिळते. विकास विरुद्ध विस्थापन असा विषय फळ्यावर लिहून मी हे बोलणे कधीच घडवू शकलो नसतो.

या प्रसंगात माझे कौशल्य शून्य होते, पण दोन गोष्टी नकळत बरोबर झाल्या होत्या. पहिली ही, की म्हातारे बोलून झाल्यावर मी गप्प राहिलो. सूत्रसंचालकाला शांततेची फार भीती वाटते आणि तो ती ताबडतोब भरून काढतो. मनात वीसपर्यंत आकडे मोजावेत, तोपर्यंत कोणीतरी बोलतेच. दुसरी गोष्ट, ध्वनिक्षेपक बंद होता. हातात माईक आला, की माणूस “व्यासपीठावरील मान्यवर” म्हणू लागतो. पन्नास माणसांपर्यंत माईकची गरज नसते. खुर्च्या अर्धगोलात वळवून घेतल्या की पुरते. बायका बहुधा मागे बसतात, म्हणून मी बोलणे सुरू करताना स्वतः मागच्या रांगेजवळ जाऊन उभा राहतो. त्यामुळे पुढच्या वक्त्यांना मान वळवावी लागते आणि त्यांचा वेग आपोआप कमी होतो.

तज्ज्ञ बोलवावा का, असेही अनेक जण विचारतात. बोलवावा, पण त्याला प्रेक्षकांत बसवावे आणि सगळ्यात शेवटी, लोकांनी विचारलेल्या प्रश्नापुरतेच बोलू द्यावे. पाण्याच्या विषयाला तर भूजलाच्या अभ्यासकाइतकाच नळयोजनेचे पाणी सोडणारा कर्मचारी मोलाचा. कोणत्या आळीला किती मिनिटे पाणी जाते आणि कोणाचा फोन आला की झडप आधी फिरवावी लागते, हे त्याला ठाऊक असते. ते तो चारचौघांत सांगेल की नाही, हा प्रश्न वेगळा. त्याला अडचणीत आणू नये एवढे भान आपण ठेवावे.

चित्रपट कोणता, याचे माझे उत्तर एका चुकीतून आले आहे. पहिल्या वर्षी मी ऐन गळीत हंगामात, उसाच्या गावात, ऊस किती पाणी पितो हे सांगणारा माहितीपट लावला. तो चित्रपट खरा होता, आकडे बरोबर होते, आणि खेळ पूर्णपणे फसला. लोकांना वाटले, की शहरातून कोणीतरी आपल्याला दोषी ठरवायला आले आहे. एकाने विचारले, “तुमच्या पुण्यातल्या जलतरण तलावांवर पिच्चर नाही का काढला कुणी?” मी पुण्याचा नाही हे सांगून काही उपयोग नव्हता. शिवाय ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त बोलायला हवे होते ते ऊसतोड मजूर रात्री गाड्या भरत होते. ते तिथे नव्हतेच.

तेव्हापासून मी एक पाऊल बाजूचा चित्रपट निवडतो. वाद आपल्या गावचा असेल, तर चित्रपट दुसऱ्या गावचा घ्यावा. दुसऱ्याच्या घरातले भांडण पाहताना माणूस न्यायाधीश होतो, आणि निकाल देता देता तो आपल्याच भांडणाशी येऊन पोहोचतो. काही वर्षांनी त्याच गावात मराठवाड्यातल्या टंचाईवरचा एक लघुपट लावला. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले होते. पहिल्या फेरीत 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी गेले. आमच्या भागातल्या बहुतेकांना ती गाडी आठवते, काहींनी ती भरताना पाहिली होती आणि सगळ्यांना तिचा अभिमान होता. त्या अभिमानाने बोलणे सुरू झाले. मग एका मुलीने विचारले, की आपल्याकडचे पाणी देण्याइतके होते, तर आपल्याच जत तालुक्यात टँकर का फिरत होते? उसाचा विषय पुढच्या पाच मिनिटांत लोकांनी स्वतः काढला. मला तो काढावा लागला नाही.

पण हे अंतर फार वाढले तरी खेळ निष्प्रभ होतो. ध्रुवावरच्या वितळत्या बर्फाचे देखणे चित्रण पाहून लोक हळहळतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. पाहिलेल्या गोष्टीवर त्यांचा काही हात चालत नाही, त्यामुळे बोलण्यासारखे काही उरत नाही.

माहितीपटच हवा असेही नाही. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (1976) हा पूर्ण लांबीचा चित्रपट मी दूध संस्थांतून दाखवला आहे. गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये घालून तो निर्माण केला, हे आधी सांगितले की सभासद सावरून बसतात. त्यातला जातीचा आणि संस्थेच्या निवडणुकीचा भाग येतो तेव्हा पहिल्या रांगेतल्या संचालकांची चुळबुळ पाहण्यासारखी असते. मात्र तो सव्वादोन तासांचा आहे. म्हणून आम्ही तो दोन रविवारी, मध्ये तोडून दाखवला आणि पहिल्या रविवारी एवढेच विचारले, की आता पुढे काय होईल. चित्रपटाचे असे तुकडे करणे रसिकांना रुचत नाही, याची मला कल्पना आहे.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांची परंपरा मोठी आहे. कलकत्ता फिल्म सोसायटी 1947 ची, तिच्या संस्थापकांत सत्यजित राय होते. देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ 1959 मध्ये झाला. मुंबईचे प्रभात चित्र मंडळ 1968 चे. या चळवळीने चित्रपट कसा पाहावा हे शिकवले आणि मीही तिथेच शिकलो. पण तिचा सभासद उत्तम चित्रपट पाहायला मिळावा म्हणून वर्गणी भरत होता. तुम्हाला चित्रपटाच्या निमित्ताने गावाने बोलावे असे वाटते. दोन्ही कामे चांगली आहेत. एकाच खेळात दोन्ही साधायला गेलात, तर रसिकही नाराज होतो आणि गावही.

तरीही त्या परंपरेकडून एक सवय जरूर घ्यावी. चित्रपट ही कोणीतरी कुठेतरी उभे राहून, काही निवडून आणि काही वगळून केलेली गोष्ट आहे, हे प्रेक्षकाला जाणवून द्यावे. सामाजिक विषय असला की लोक त्याला बातमीसारखे खरे मानतात किंवा प्रचार म्हणून सरसकट झटकतात. मी दोन प्रश्न नेहमी ठेवतो: कॅमेरा कोणाच्या बाजूला उभा होता, आणि कोणाला बोलू दिले नाही? आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (1985) या मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांवरच्या माहितीपटात एक बेघर स्त्री चित्रपट करणाऱ्यांनाच सुनावते. आमची चित्रे काढून तुमचे नाव होईल, आम्हाला काय मिळणार, असा तिचा रोख असतो. दिग्दर्शकाने ते दृश्य ठेवले. कॉलेजच्या मुलांपुढे मी कधीकधी तेवढाच भाग दाखवतो आणि ती मुले पुढे मोबाइलवर काही चित्रित करायला जातात तेव्हा आधी विचारून घेतात. चित्रपटात आकडे असतील, तर त्यांतला एखादा आपल्या तालुक्यापुरता तपासून आणायचे काम दोघा विद्यार्थ्यांना आधीच द्यावे. तहसील कार्यालयाची पायरी चढून आणलेला आकडा ती मुले मोठ्या रुबाबात सांगतात.

तांत्रिक बाजू थोडक्यात. चित्र थोडे फिके चालते, आवाज फुटका चालत नाही. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवावेत, आणि सभागृहात घुमत असेल तर भिंतींवर सतरंज्या टांगाव्यात. पडद्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर असावी, नाहीतर उपशीर्षके मागच्यांना दिसत नाहीत. इंग्रजी उपशीर्षकांवर विसंबू नये. दिग्दर्शकाची परवानगी घेऊन आम्ही मराठी उपशीर्षके स्वतः टंकून घेतो. ते जमले नाही, तर चांगल्या आवाजाचा एक जण अंधारात बाजूला उभा राहून मराठीत सांगत जातो. म्हाताऱ्या माणसांना हेच अधिक आवडते.

परवानगीविषयी, मी वकील नाही एवढे आधी नोंदवून. दोन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एक म्हणजे प्रमाणपत्र: 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, आणि प्रवेश विनामूल्य ठेवला म्हणून ते प्रदर्शन खासगी ठरत नाही. दुसरी म्हणजे स्वामित्वहक्क. 1957 च्या कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे, पण प्रेक्षक त्या संस्थेचे विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि तिच्या कामाशी संबंधित लोक एवढेच असतील तर. वाचनालयाच्या खुल्या कार्यक्रमाला ती आपोआप लागू होत नाही. ओटीटीची वर्गणी घरी पाहण्यासाठी असते. यूट्यूबवर चित्रपट आहे म्हणजे तो सभागृहात लावायला मोकळा आहे, असेही नाही. यावर सरळ मार्ग म्हणजे दिग्दर्शकाला पत्र लिहावे. माहितीपट करणारे बहुतेक जण उत्तर देतात, काही मानधन मागतात, काही मागत नाहीत. प्रमाणपत्र आहे का हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे. खेळ झाल्यावर लोक काय बोलले याचे पानभर टिपण त्यांना आठवणीने पाठवावे. आमच्याकडे पुढचे चित्रपट येत राहिले ते याच टिपणांमुळे.

80 चे 14 झाले याचे फार वाईट वाटून घेऊ नका. पहिले 80 उद्घाटनाला आले होते. 14 मध्ये कोण आहेत ते पाहा: सगळे एकाच आळीचे, एकाच वयाचे, एकाच जातीचे असतील, तर संख्या वाढवण्याआधी जागा बदला आणि एखादा खेळ दुसऱ्या वस्तीच्या समाजमंदिरात लावा.

तुम्ही चित्रपट सुचवायला सांगितले होते, तर शेवटी एक सुचवतो. तो बाजारात मिळणार नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे महापूर आला. लगेच पुरावरचे काही दाखवावे असे कार्यकर्त्यांना वाटत होते. मी नको म्हणालो, कारण घरातला चिखल निघालेला नसताना पडद्यावर पूर कोणाला पाहायचा असतो? सहा-सात महिने जाऊ दिले. मग गावातल्या पोरांकडून त्या दिवसांत मोबाइलवर काढलेल्या चित्रफिती गोळा केल्या, तारीख आणि वेळ पाहून ओळीने लावल्या, आणि 22 मिनिटांचा मूक म्हणावा असा एक तुकडा तयार झाला. नावे नाहीत, संगीत नाही, निवेदन नाही. त्या दिवशी चित्रपट आणि चर्चा असे दोन भाग झालेच नाहीत. तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी ओरडले, “थांबव, थांबव, ती कुणाची म्हस?” चित्र थांबवले. पत्र्यावर चढवलेली म्हैस ओळखली गेली, ती कोणी चढवली ते निघाले, मग त्या रात्री होडी कोणत्या आळीला आधी गेली आणि कोणत्या आळीला पहाटेपर्यंत गेली नाही हेही निघाले. 22 मिनिटांचा तो तुकडा संपायला पावणेतीन तास लागले. प्रोजेक्टर चालवणारा मुलगा शेवटपर्यंत एक बोट कळीवर ठेवूनच बसला होता.